वारीची वाट आणि गद्याची लेखणी

आळंदीहून निघालेली ज्ञानोबामाऊलींची पालखी बरडचा मुक्काम हलवून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात उतरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीकडे सरकते. परंतु या सोहळ्याचे ऐन रंगाचे प्रहर ज्या माळशिरस तालुक्याच्या वाट्याला येतात, तेथील ती वाट स्वतः चालून गद्यात उतरविणारे लेखन नावारूपाला येण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

याचे कारण सोहळ्याच्या घडणीतच आहे. शिंदे सरकारच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला आजचे रूप दिले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू असा सरंजाम पुरविला. आणि रथापुढील व रथामागील दिंड्यांचे क्रम, मानकऱ्यांचे हक्क, चोपदारांचा अंमल असा जवळजवळ लष्करी बंदोबस्त वारीला लाभला. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच हजारोंचा कल्लोळ थांबतो आणि हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो, इतकी ही शिस्त चोख. अशा व्यवस्थेत प्रत्येकाचे स्थान आधीच मुक्रर झालेले असते, पण नुसते पाहून लिहिणाऱ्याला स्थान नसते. आणि ज्याच्या मुखी अखंड अभंग, त्या वारकऱ्याला गद्याची गरज ती कोणती?

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ही अडचण दिंडीतच सामील होऊन सोडविली. ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात भक्तीच्या उमाळ्याबरोबर एकाच दिंडीतल्या ब्राह्मण-मराठ्यांच्या वेगवेगळ्या पंगतीही आल्या, आणि माझ्या मते त्या पंगतींमुळेच तो लेख टिकला. पुढे पुण्यात रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करणारे कथाकार दि. बा. मोकाशी १९६१ साली पालखीबरोबर निघाले. त्याच वारीच्या दिवसांत, १२ जुलैला, पानशेत धरण फुटून मागे पुणे बुडाले. त्यांचे ‘पालखी’ छापून आले ते १९६४ साली. पंधरवड्याच्या चालीला तीन वर्षांचा अवकाश मिळाला, हे मला तरी योग्यच वाटते. कारण चालण्याच्या भरात जे दिसते ते सारेच कागदावर टिकत नाही.

सदाशिवनगरचे रिंगणच घ्या. पताकावाले, टाळकरी, तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया गोलाकार उभ्या राहतात; एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार, तर माऊलींच्या अश्वाची पाठ रिकामी; दोघे भरधाव फेऱ्या घालतात, आणि ते थांबताच टापांखालची माती कपाळी लावण्यास झुंबड उडते. कथाकार येथे सहज रंग चढवील, शास्त्रज्ञ मोजमाप घेईल; चालत आलेल्या गद्यकाराला मात्र त्या रिकाम्या पाठीवर माऊली बसल्या आहेत असे मानणाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागते, मग स्वतःला तसे वाटो वा न वाटो. फिलिप एंगब्लॉम यांनी १९८७ साली ‘पालखी’ इंग्रजीत नेली, तेव्हा नातेपुते-वेळापूरची नावेही परदेशी ग्रंथालयांच्या फडताळात जाऊन बसली.