शिलारसाचे झाड

काष्ठौषधींच्या दुकानात शिलारस मागितला की दुकानदार करड्या-तपकिरी रंगाचा, मधाहून घट्ट आणि बोटाला सोडता सोडत नाही असा एक पदार्थ देतो. धुपात, उदबत्तीत आणि काही औषधी तेलांत तो घालतात. नावात शिला असली तरी दगडाशी त्याचे नाते नाही. शिलाजिताशी तर मुळीच नाही. तो एका झाडाच्या सालीतला सुगंधी चीक आहे आणि हे झाड मूळचे भारतातले नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. अमरकोशात या पदार्थाची जी नावे आहेत, त्यांत सिह्ल आणि पिण्डक यांच्या जोडीला तुरुष्क आणि यावन हीही आहेत. माल कुठल्या बाजूने येतो हे नावानेच सांगितले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत 'स्टोरॅक्स' नावाचा सुगंधी चीक आहे. त्याच ग्रंथात कल्याणचाही उल्लेख येतो. कल्याणहून बोरघाट चढून आले की मावळ लागतो. परंदवडीच्या शाळेची सहल कार्ल्याला गेली, तर तिथल्या चैत्यगृहातील खांबांवरचे ब्राह्मी लेख मुलांना जरूर दाखवावेत. काही खांब यवनांनी दान दिले आहेत. त्या लेखांत सुगंधी मालाची नोंद नाही, पण तो नेणारे-आणणारे लोक या वाटेने वावरत होते, हे त्यांतून कळते.

मात्र 'स्टोरॅक्स' या एकाच नावाखाली दोन निराळ्या झाडांचा माल विकला जात असे. एक घट्ट, एक पातळ. पातळ माल तांबड्या समुद्राच्या वाटेने मुंबईत उतरे. गोंधळात भर म्हणजे जावा बेटातील 'रसमला' या झाडाचे नावही व्यापाऱ्यांनी त्यालाच चिकटवले होते. लंडनचे औषधनिर्माते डॅनियल हॅनबरी यांनी १८५७ साली हा गुंता सोडवला. पातळ स्टोरॅक्स, म्हणजेच आपला शिलारस, तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या 'लिक्विडांबर ओरिएंटॅलिस' या झाडाचा, हे त्यांनी दाखवून दिले. याचेच अमेरिकेतले भावंड 'लिक्विडांबर स्टायरासिफ्लुआ', इंग्रजीत स्वीटगम. रसमला हेही त्याच कुळातले. ते आपल्या आसामातही होते आणि तिथे त्याला जुतुली म्हणतात. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्यालाही लिक्विडांबर याच प्रजातीत घालतात. व्यापाऱ्यांचा घोटाळा अगदीच निराधार नव्हता म्हणायचा!

धडधाकट झाडातून हा चीक फारसा वाहत नाही. सालीला जखम झाली की झाड तिच्याभोवती नव्या चीकवाहिन्या तयार करते. तुर्की गावकरी साल खरवडून काढतात, पाण्यात उकळतात आणि दाबून चीक वेगळा करतात. उरलेला चोथा धूप म्हणून जाळतात.

आता खरी गंमत. १८३९ साली बर्लिनमधील एडुआर्ड सिमोन या औषधविक्रेत्याने शिलारसाचे ऊर्ध्वपातन केले. एक तेलकट द्रव मिळाला. त्याला त्याने 'स्टायरोल' म्हटले. काही महिन्यांनी पाहतो तो बाटलीत जेलीसारखा गोळा! हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला असावा, असे त्याला वाटले. १८४५ मध्ये ब्लाइथ आणि हॉफमन यांनी ऑक्सिजन नसतानाही हा बदल होतो आणि द्रव व घन यांची घटना एकच आहे, हे सिद्ध केले. मग बदलले काय? याचे नीट उत्तर मिळायला १९२० चे दशक उजाडले. लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन हजारो कड्यांच्या साखळ्या बनतात, हे हेरमान स्टाउडिंगर यांनी मांडले आणि बराच विरोध सोसून प्रस्थापित केले. सिमोनचा द्रव म्हणजे स्टायरीन आणि गोळा म्हणजे पॉलिस्टायरीन हे बहुवारिक. ते फुगवले की आपला थर्मोकोल. बहुवारिकांचा धडा शिकवताना सिमोनच्या बाटलीपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. व्याख्या मागाहून सांगता येते.

आज स्टायरीन खनिज तेलापासून बनते, त्यासाठी झाड लागत नाही. पण गणपतीपुढे जळणारा शिलारसाचा धूप आणि मागचे थर्मोकोलचे मखर ही वर्षानुवर्षे शेजारी राहिलेली एकाच घराण्यातली माणसे होती. एकाचा धूर काही वेळात विरतो, दुसऱ्याचे तुकडे पाण्यात पिढ्यान् पिढ्या राहतात. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने थर्मोकोलच्या ताटवाट्यांबरोबर सजावटीच्या वस्तूंवरही बंदी घातली.

तुर्कस्तानात मात्र ते झाडच संकटात आहे. शेतीसाठी व संत्र्या-मोसंब्यांच्या बागांसाठी ओलसर सखल जमीन हवी असते आणि याला नेमकी तीच लागते. १९४० च्या दशकात सहा हजार हेक्टरांहून मोठे असलेले हे जंगल पुढे दीड हजार हेक्टरांच्या आसपास आले.

परंदवडीत ते लावता येईल का? लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या आसपास. परंदवडी या उतरणीवर मध्येच. पावसाळ्याची अडचण नाही, अडचण पुढच्या आठ कोरड्या महिन्यांची. स्वीटगमला खोल, किंचित आम्लधर्मी आणि ओल धरणारी माती हवी. चुनखडी असलेल्या काळ्या मातीत त्याला लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. थंडीत पाने लालजर्द होण्याची आशा तर ठेवूच नये. त्यासाठी लागणारी थंडी इथे पडत नाही. प्रयोग म्हणूनच करायचा, तर बी ओल्या वाळूत मिसळून एक-दोन महिने फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्याबाहेर ठेवावे, मग पेरावे. रोप लहान असतानाच कायम जागी लावावे, कारण मुळे दुखावलेली याला सोसत नाहीत. आणि चीक पाहण्यासाठी सालीला चाकू लावू नये. पान चुरगळले तरी वास येतो.