वाकते किती, सावरते कशी

फ्लाय फिशिंगमध्ये फेकायची असते ती दोरी. गळावर बांधलेली पिसांची नकली माशी इतकी हलकी, की आपल्या वजनावर ती चार हातही जाणार नाही. म्हणून वजनदार दोरी हवेत मागं न्यायची, तिच्या ओढीनं काठी वाकू द्यायची, आणि सरळ होता होता काठीनंच ती दोरी पुढं लोटायची. अशा काठीकडून दोन मागण्या असतात: वाकल्यावर तिनं झटकन सावरावं, आणि वर्षानुवर्षं सावरत राहावं. पहिली मागणी अंगणात दहा मिनिटांत पारखता येते. दुसरीसाठी काठी कशाची आहे हे ठाऊक असावं लागतं, कारण मोडायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

1496 साली विंकिन द वर्डनं वेस्टमिन्स्टरला गळाच्या मासेमारीवरचा एक इंग्रजी प्रबंध छापला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स हिच्या नावावर सांगितला जातो. काठी कधी तोडायची इथपासून त्यात सांगितलं आहे. सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसपासून फेब्रुवारीच्या कॅन्डलमसपर्यंत, म्हणजे झाडातला रस उतरलेला असताना, हेझल, विलो किंवा अ‍ॅस्पनची काठी तोडायची, भट्टीत शेकून सरळ करायची आणि मग काही आठवडे वाळू द्यायची. टिकाऊपणाचा हिशेब काठी हातात येण्याआधीच, तोडणीच्या हंगामात आणि वाळवणीत, सुरू झालेला होता. पुढं हिकरी आणि लान्सवुड आलं, गयानाहून ग्रीनहार्ट आलं. ग्रीनहार्ट बळकट, पण जड. आणि ते मोडतं तेव्हा आधी सूचना देत नाही.

बांबूनं हे सगळं बदललं, आणि पहिला बांबू आपल्याकडचा होता. कलकत्त्याच्या बंदरातून जाणारा वेळू पश्चिमेच्या बाजारात ‘कॅलकटा केन’ म्हणून विकला जाई. अंगावर जाळल्याचे काळे डाग हीच त्याची ओळख. पेन्सिल्वेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपी हा बंदुका आणि व्हायोलिनं बनवणारा कारागीर होता. 1840च्या दशकात त्यानं बांबू चिरून, पट्ट्या पुन्हा चिकटवून काठ्या केल्या. मेन राज्यातल्या बँगोरच्या हायरम लिओनार्डनं 1870च्या दशकात सहा पट्ट्यांची काठी यंत्रावर आणली. ते यंत्र तो कुलपात ठेवी असं सांगतात. पुढं कारागिरांना चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला बांबू सापडला आणि कलकत्त्याचा मागं पडला. व्यापारात ‘टोंकिन’ म्हणून चालणाऱ्या या जातीचं शास्त्रीय वर्णन कॅन्टनला शिकवणाऱ्या एफ. ए. मॅक्ल्यूर यांनी केलं. त्याच्या सालीलगत चिवट तंतूंची दाटी असते आणि पेरं लांब असतात.

आपल्याकडचा बुरूड टोपलीचा काठ वळायला सालीकडची पट्टी ठेवतो आणि आतला पोचट भाग बाजूला टाकतो. काठी करणाराही तेच करतो, फक्त इंचाच्या हजाराव्या भागात मोजून. वेळू चिरायचा, गाठी तापवून दाबून सपाट करायच्या, मग साठ अंशांची खाच असलेल्या लोखंडी साच्यात पट्टी ठेवून रंधा मारायचा. पट्टीच्या दोनच बाजू तासायच्या. सालीकडच्या तिसऱ्या बाजूचा वरचा चकाकता थर तेवढा खरवडायचा, तंतू तासायचे नाहीत. त्यांच्यावरच सगळी मदार असते. टोकाकडं पट्टीची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी होते. भट्टीत आच कमी पडली तर काठी पुढं बाक धरते, जास्त झाली तर ठिसूळ होते. एका पट्टीची गाठ शेजारणीच्या गाठीशेजारी येऊ द्यायची नाही, नाहीतर तिथंच कमकुवत जागा तयार होते. न्यूयॉर्कचा एव्हरेट गॅरिसन हा स्थापत्य अभियंता. त्यानं काठीला तुळई समजून टोकापासून मुठीपर्यंत प्रत्येक ठिकाणी किती ताण येतो याचं गणित मांडलं आणि त्यावरून तिची निमुळती जाडी ठरवली. तोवर हातात मुरलेलं ज्ञान त्यानं कागदावर आणलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत मोठं पाऊल.

बांबूची काठी दुखणं लपवत नाही. डोळ्याशी धरून गोल फिरवली की बाक दिसतो, पट्टीवर उजेड पाडला की सुटलेली सांध दिसते, हलवली की सैल झालेली धातूची जोडणी खट् वाजते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्थर हॉवल्ड या अमेरिकी संशोधकानं काचतंतू आणि राळ वापरून काठी केली. युद्धानंतर शेक्सपिअर कंपनीनं ती बाजारात आणली. 1950च्या अखेरीस अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन मिळेनासा झाला आणि काचेची काठी घरोघरी गेली. ती संथ असते, पण मार सोसते. पहिली काठी घेणाऱ्या पोरानं तीच घ्यावी असं मी आजही म्हणेन.

कार्बन तंतू 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत आकाराला आला आणि 1970च्या दशकात फेनविक कंपनीनं ग्राफाइटची, म्हणजे याच तंतूची, फ्लाय रॉड विकायला काढली. पोलादी सळईवर कार्बनचं राळभरलं कापड गुंडाळायचं, वर फीत घट्ट आवळायची, भट्टीत पक्कं करायचं आणि सळई ओढून काढायची. उरते ती पोकळ नळी. तंतू जितका ताठ, तितकं कापड कमी लागतं. भिंत पातळ, काठी हलकी, सावरणं झटपट. पण हा तंतू ताणाला जितका बळकट, तितका दाबाला नाही. पातळ नळी फार वाकली की तिचा गोल चपटा होतो आणि ती आत बसते. जड माशी एकदा काठीवर आपटली, तर तिथं बारीक टवका उडतो. काठी त्या दिवशी मोडत नाही. पुढं कधीतरी मासा उचलताना मोडते, आणि दोष माशाला दिला जातो.

दरम्यान दोरीला नंबर मिळाले होते. 1960च्या सुमारास अमेरिकी उत्पादकांनी ठरवलं, की दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन मोजायचं. पाच नंबरला 140 ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास. काठीसाठी मात्र असं माप ठरलं नाही. ‘पाच नंबर’ लिहिलेल्या दोन काठ्यांच्या ताठपणात चांगलंच अंतर निघे. यावर विल्यम हॅनिमननं तोडगा काढला. काठी आडवी पक्की धरायची, टोकाला पिशवी टांगायची आणि काठीच्या लांबीच्या एक तृतीयांशाइतकं टोक खाली येईपर्यंत तिच्यात अमेरिकी पेन्या टाकत जायचं. 1982 नंतरची पेनी अडीच ग्रॅमची. नाण्यांची संख्या हाच ताठपणाचा आकडा. त्याच वेळी टोकाचा कोन मोजला की वाक टोकाशी आहे की खाली मुठीपर्यंत पोचतो, तेही कळतं. घरच्या टेबलावर कोणालाही करता येणारी ही चाचणी मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळं गिऱ्हाइकाला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

टिकाऊपणाला असं घरगुती माप नाही. कंपन्या पंचवीस वर्षांची, कधी आयुष्यभराची हमी देतात, पण मोडलेला तुकडा बदलून मिळणं वेगळं आणि काठी न मोडणं वेगळं. म्हणून जुनी ग्राफाइट काठी घेताना नखाचं टोक तिच्यावरून सावकाश फिरवावं, ते अडेल तिथं उजेडात पाहावं. दोरीच्या कड्यांतून कापूस ओढावा. तंतू अडकले तर कडं तडकलं आहे. आणि शेवटी जोडाचं तोंड बघावं: लांबीच्या दिशेनं केसाएवढी चीर असेल, तर काठी परत ठेवावी. मोठा मासा लागला की ती आधी तिथंच उघडते.