तालीम, मंडई आणि विसरणारे मन

मराठीत कुस्तीगीर जेथे घाम गाळतो ती तालीम, गवई शिष्याला देतो तीही तालीम आणि प्रयोगाआधी नट करतात तीही तालीमच. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवणे. शरीर आणि बुद्धी यांना वेगवेगळ्या शाळांत घालण्याची सवय या शब्दाला नाही. अल्झायमरच्या आजारात व्यायामाचे स्थान कोणते, या आजच्या प्रश्नाकडे त्याच्याच वाटेने पाहावेसे वाटते.

पुण्याची मंडई त्यासाठी योग्य जागा आहे. १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या, अष्टकोनी मनोऱ्याच्या या इमारतीवरील खर्चाला जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना विरोध केला होता. शिक्षणाची गरज त्यांना अधिक निकडीची वाटत होती. पुढे १९३८ साली त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. येथून जवळच, गंज पेठेत, लहुजी वस्तादांची तालीम. तरुण जोतीराव तेथे दांडपट्टा शिकले. १८८८ मध्ये पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहिले. एक हात गेला तरी विचार शाबूत होता, आणि त्याने दुसऱ्या हाताला तालीम दिली.

अल्झायमरमध्ये नेमके उलटे घडते. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात डॉ. आलोइस अल्झायमर यांच्यासमोर आलेली पन्नाशीची ऑगस्टे स्वतःचे नाव लिहितानाही अडखळत होती. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, तिच्या मेंदूतील बदल त्यांनी मांडले. १९१० साली क्रेपेलिन यांनी आजाराला त्यांचे नाव दिले. आपल्याकडे मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटत असे. म्हणीने आजाराला वयाच्या खात्यात टाकले आणि उपायाचा विचारच थांबला.

या आजारात अलीकडच्या आठवणी आधी जातात. हातापायांत मुरलेल्या सवयी त्यामानाने बराच काळ टिकतात. पण पुढे पावले आखूड होतात, तोल जातो. कारण चालणे हे केवळ पायांचे काम नाही. १९९७ साली स्वीडनमधील अभ्यासकांनी नोंदवले की चालताना कोणी बोलू लागल्यावर जे वृद्ध थांबत, ते पुढील काळात अधिक पडत. चालायलाही लक्ष लागते, आणि ते बोलण्याकडे वळले की पाय थबकतात. म्हणून खुर्चीवरून उठणे-बसणे, तोल सांभाळणे आणि चालणे यांच्या जोडीला काही व्यायामपद्धतींत चालता चालता आकडे मोजणे वा नावे सांगणे हेही असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशाच्या ४९४ रुग्णांचा सहभाग होता. ज्यांना चार महिने जोरकस व्यायाम दिला, त्यांची शारीरिक क्षमता वाढली. बुद्धीची घसरण मात्र मंदावली नाही. आजार होण्यापूर्वीची गोष्ट निराळी: ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे जे १४ धोके सांगितले, त्यांत शारीरिक निष्क्रियता आहे. तेव्हा ‘व्यायामाने स्मृती परत येते’ हे आश्वासन फसवे आहे, आणि निर्दयही. वडील सुधारले नाहीत म्हणजे मुलीनेच त्यांना पुरेसे चालवले नाही, असा त्याचा अर्थ घरात लावला जातो. व्यायामाकडे मागायचे ते एवढेच: स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता यावे, पडणे टळावे, दिवसाला काही आकार राहावा.

माझ्या वडिलांना मी रविवारी सकाळी, गर्दी वाढण्याआधी, मंडईत नेतो. त्यांच्या पावलाने चालतो. ते थांबले की बोलणे थांबवतो. हे मार्केट कोणाच्या नावाचे, हे त्यांना आता सांगता येत नाही. भाव विचारतात आणि लगेच विसरतात. पण भेंडीच्या ढिगापाशी त्यांचा हात आपोआप पुढे होतो, एकेका भेंडीचे टोक मोडून पाहतो आणि जून भेंडी बाजूला टाकतो. पन्नास वर्षांची ती तालीम आहे. ती आहे तोवर तिला रोज थोडे काम द्यावे, इतकेच आपल्या हाती आहे.