गणेशखिंड ते केगाव

‘जीनोमिक्स शिकतोय’ असं सोलापुरात एखाद्या मुलानं सांगितलं, की घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, ‘म्हणजे कॉम्प्युटर की डॉक्टरकी?’ माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना मी उत्तर देतो ते डाळिंबाचं.

पुण्याला गणेशखिंडीच्या फळबागेत १९३६ साली डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी वाणाच्या झाडांमधून एक गोड, मऊ बियांचं झाड निवडलं. तेच आपलं ‘गणेश’. निवडीची साधनं दोनच, डोळे आणि जीभ. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात त्याचा एका रशियन वाणाशी संकर झाला आणि दुसऱ्या पिढीतून लालभडक ‘भगवा’ निघाला. रोप फळाला येईपर्यंत थांबायचं, मग चाखायचं. यात वर्षंच्या वर्षं जातात.

योगायोग असा, की त्याच गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठात, १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचं केंद्र उभं राहिलं. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग नुकताच, १९८६ मध्ये, स्थापन झाला होता. इंटरनेट घरोघरी नव्हतं. तिथले डॉ. अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोंगावकर यांनी १९९० मध्ये एक रीत मांडली. प्रथिनाच्या कोणत्या भागाला आपली प्रतिपिंडं चिकटतील, हे त्यातल्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून सांगायचं. अंदाज सुमारे ७५ टक्के बरोबर येई. आधार इतरांनी आधीच करून ठेवलेल्या प्रयोगांचा! लस शोधणारे आजही ही रीत वापरतात. मला या विषयाचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं. महागडी यंत्रं नसली, तरी प्रश्न नेमका असला की काम होतं.

सोलापूरचा प्रश्न नेमकाच आहे. तेल्या. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि बाग हातची जाते. भगवाही त्यातून सुटत नाही. हा रोग आणणाऱ्या जिवाणूचा जीनोम चंडीगडच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ५० लाख अक्षरं. लिंबावर खैऱ्या आणणारा त्याचा भाऊबंद ब्राझीलमध्ये २००२ सालीच वाचून झाला होता. दोघांची अक्षरं शेजारी शेजारी मांडली, की एक लिंबावर आणि दुसरा डाळिंबावर का जातो, याचा माग काढता येतो. ही माहिती कुणालाही फुकट मिळते, सोलापुरातल्या कॉलेजच्या मुलालासुद्धा. खुद्द डाळिंबाचा जीनोम, सुमारे ३३ कोटी अक्षरांचा, २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी छापला. आपल्या आधी, हे जरा लागतंच.

तेल्याला दाद न देणारं झाड सापडलं आणि तो गुण कोणत्या अक्षरांत आहे हे कळलं, तर रोपाच्या एका पानावरून त्याची पारख होईल. फळाची वाट पाहायला नको.

सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये केगावला सुरू झालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये, तेही केगावलाच. म्हणून मला वाटतं, इथे या विषयाचा पहिला धडा माणसाच्या ३०० कोटी अक्षरांचा नको, तेल्याचा हवा. त्याला संख्याशास्त्र लागतं, थोडं प्रोग्रॅमिंगही. वनस्पतिशास्त्राची मुलं गणिताला बिचकतात आणि कॉम्प्युटरची मुलं बागेत पाय ठेवत नाहीत. मी दोघांना एकाच बाकावर बसवतो, आणि पहिल्याच आठवड्यात बागेत नेतो.