लाल क्रॉस कोणाचा?

संत तुकाराम महाराजांची पालखी अंथुर्ण्यावरून जाते, तेव्हा रस्त्याकडेला औषधोपचाराचे तंबू लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका तंबूसाठी मी पांढऱ्या कापडावर लाल अधिकचे चिन्ह रंगवत होतो. तरुणपणी पाट्या रंगवून पोट भरले. मेडिकलच्या दुकानांवर अशी किती चिन्हे काढली, मोजदाद नाही. शेजारी मोबाइलवर खेळत बसलेला पुतण्या म्हणाला, ''काका, हे तर गेममधलं हेल्थचं चिन्ह!'' मी त्याला म्हणालो, ''नाही रे, हे दवाखान्याचं.'' पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की आम्ही दोघेही चुकत होतो.

२४ जून १८५९ रोजी इटलीतील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी सैनिक मदतीवाचून पडून होते. ते पाहून हेन्री ड्यूनांट हा स्विस व्यापारी हेलावला. त्याच्या खटपटीतून २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिला जिनिव्हा करार झाला. स्विस ध्वजाचे रंग उलटे करून पांढऱ्यावर लाल क्रॉस ठरला. त्याचा अर्थ 'येथे औषध मिळेल' असा नव्हता. 'हा लढणारा नाही, याच्यावर गोळी झाडू नका' असा होता. १८७६ मध्ये तुर्कस्तानने त्याच अर्थाने लाल चंद्रकोर वापरायला सुरुवात केली.

आपल्याकडचा एक दाखला पाहा. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही जुनी प्रवासी बोट विकत घेतली. 'लॉयल्टी' या नव्या नावाने ती हिंदी सैनिकांसाठी रुग्णनौका झाली. युद्ध संपल्यावर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने ती घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. बोट तीच, पण रुग्णनौका असताना तिला रेडक्रॉसचे संरक्षण होते, व्यापारी बोट झाल्यावर नाही. चिन्हाचा हक्क वस्तूला नसतो, तिच्या कामाला असतो.

आपल्या १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याच्या १२व्या कलमानुसार केंद्र सरकारच्या मान्यतेशिवाय हे चिन्ह कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही. १३व्या कलमात पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि माल जप्त होण्याची तरतूद आहे. म्हणजे माझ्या पाट्या, डॉक्टरांच्या गाड्या, औषधपेट्या, सगळेच आले.

आता गेमकडे वळू. १९९३ च्या 'डूम'मध्ये औषधपेटीवर लाल क्रॉस होता. पुढच्या काही आवृत्त्यांत त्या जागी कॅप्सूल आली. २००६ मध्ये कॅनडाच्या रेडक्रॉसने गेम बनवणाऱ्यांच्या वकिलांना पत्र लिहून हा वापर थांबवण्यास सांगितले. २०१७ च्या सुरुवातीला 'प्रिझन आर्किटेक्ट' या ब्रिटिश गेममधील रुग्णवाहिकेवरच्या इवल्याशा क्रॉसचा प्रश्न आला आणि निर्मात्यांनी तो हिरवा करून टाकला. त्याच वर्षी 'आर्मा ३'च्या एका पुरवणीत मात्र युद्धाचे नियम हाच विषय झाला. खेळणाऱ्याला त्यात मदत कार्यकर्त्याची भूमिका मिळते.

एवढ्याशा फुलीवरून एवढा गाजावाजा कशाला, असे वाटेल. २ जुलै २००८ रोजी कोलंबियाच्या सैन्याने बंडखोरांच्या तावडीतून पंधरा ओलीस सोडवले. त्या मोहिमेत रेडक्रॉसचे चिन्ह वापरले गेल्याचे राष्ट्राध्यक्ष उरिबे यांनी पुढे मान्य केले. ओलीस सुटले ही चांगलीच गोष्ट. पण दुसऱ्या दिवशी खरा रेडक्रॉसवाला त्या जंगलात गेला, तर बंदूकधाऱ्याने त्याच्यावर विश्वास का ठेवावा? या चिन्हामागे ना ढाल आहे ना शिपाई; पाहणाऱ्याचा विश्वास हेच त्याचे सगळे बळ. गेममध्ये ते 'पुन्हा लढायला ताकद देणारी पेटी' म्हणून पोरांच्या डोक्यात बसले, तर त्याचा मूळ अर्थ उलटा होतो. आणि माझ्यासारखा पेंटर गल्लोगल्ली ते रंगवतो, तेव्हा तो अर्थ पुसट होतो.

पुढच्या वारीला तंबूचे कापड पुन्हा माझ्याकडे आले. मी हिरव्यावर पांढरा क्रॉस काढला. मंडळातल्या एकाने विचारले, ''लाल रंग संपला का?'' त्याला समोर बसवून सोल्फेरिनोपासून सांगायला सुरुवात केली. पुतण्याही मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता.