फर्मानाने आली, कायद्याने गेली : तुर्की टोपीची गोष्ट

जुन्या मुस्लिम घरांत, शाळांत आणि अंजुमनच्या कार्यालयांत शंभरेक वर्षांपूर्वीचे ग्रुप फोटो अजून भिंतीवर टांगलेले असतात. त्यातली निम्मीअधिक माणसे एकसारखी दिसतात. अंगात बंद गळ्याची शेरवानी आणि डोक्यावर उलट्या डब्यासारखी उंच, बिनकाठाची, काळ्या गोंड्याची टोपी. फोटो काळापांढरा असल्याने रंग कळत नाही, पण टोपी लाल असणार हे आपण गृहीत धरतो. उत्तरेत आणि मुंबईत हिला तुर्की टोपी म्हणत, हैदराबाद संस्थानात रूमी टोपी. अरब तिला तरबूश म्हणतात, तुर्क फेस आणि युरोपीय फेझ. हे फोटो पाहताना आजची मुले विचारतात, ‘तेव्हाचे लोक किती दीनदार होते ना?’

टोपी आणि दीनदारी यांचे हे जे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे, ते या लाल टोपीला लावून पाहण्यासारखे आहे. कारण ही टोपी मुसलमानांच्या डोक्यावर कोणी, कधी आणि कशासाठी ठेवली, आणि कोणी उतरवली, याची नोंद साल-तारखेसह सापडते. असे भाग्य फार थोड्या कपड्यांना लाभते.

नाव मोरोक्कोतल्या फेज शहरावरून पडले असे मानतात. पण तिचा खरा मोठा कारखाना म्हणजे ट्युनिस. स्पेनने १६०९ ते १६१४ या काळात उरलेसुरले मुसलमान हद्दपार केले. त्यातले हजारो अंदलुसी ट्युनिसच्या आसपास येऊन वसले आणि येताना शेशिया नावाच्या लाल लोकरी टोपीची कारागिरी घेऊन आले. एक टोपी किती गावांतून फिरून तयार होई ते पाहण्यासारखे आहे. अरियाना गावच्या बायका पांढऱ्या लोकरीची टोपी विणत. ती इतकी मोठी असे की कोणाच्याच डोक्यावर बसू नये. मग मेजर्दा नदीकाठच्या अल-बतान गावात, पाण्यावर चालणाऱ्या दांड्यांखाली, गरम पाण्यात आणि साबणात ती कुटली जाई. लोकर आटून आटून नमद्यासारखी घट्ट झाली की सुकवलेल्या काटेरी बोंडांनी तिच्यावर लव काढत. झगवान गावच्या झऱ्याच्या पाण्यात ती रंगे. हा लाल रंग मूळचा किर्मिझ नावाच्या किड्यापासून निघे. आपण मराठीत ‘किरमिजी’ म्हणतो तो शब्द या किड्याचाच. म्हणजे ट्युनिसची टोपी आपल्याकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधी तिच्या रंगाचे नाव आपल्या भाषेत येऊन बसले होते. ट्युनिसच्या जुन्या बाजारात शवाशीन, म्हणजे टोपीवाल्यांची गल्ली, आजही आहे.

तोवर ही टोपी मुख्यतः पागोट्याच्या आतली होती. उस्मानी साम्राज्यात माणूस ओळखला जाई तो पागोट्यावरून. वजिराचे वेगळे, काझीचे वेगळे, दर्वेशाचे वेगळे, खाटकाचे वेगळे. ख्रिश्चन आणि ज्यू प्रजेने डोक्याला कोणत्या रंगाचे कापड गुंडाळावे आणि पायात कोणत्या रंगाचे जोडे घालावेत, याचेही हुकूम वेळोवेळी निघत. इस्तंबूलच्या जुन्या कबरस्तानांत दगडी खांबांच्या टोकावर पागोटी कोरलेली दिसतात. मेल्यावरसुद्धा हुद्दा डोक्यावरच राहिला.

सुलतान महमूद दुसरा याने १८२६च्या जून महिन्यात जानिसारी फौज तोफा लावून संपवली. सुलतानांना गादीवर बसवणारी आणि खाली खेचणारी ही फौज सुधारणांच्या आड येत होती. नवी फौज युरोपीय धर्तीवर उभी राहिली, तिला नवे कपडे आले, तेव्हा डोक्यावर काय ठेवायचे हा प्रश्न निघाला. युरोपीय सैनिकी टोपीला पुढे काठ असतो. काठाची टोपी घालून सजद्यात कपाळ जमिनीला टेकत नाही. शिवाय अशी टोपी म्हणजे फिरंग्यांची नक्कल. मराठ्यांच्या कागदपत्रांत युरोपीयांना ‘टोपीकर’ म्हणत, तसाच हा मामला. त्याच सुमारास नौदलप्रमुख कोजा हुस्रेव पाशाने आपल्या माणसांना ट्युनिसची लाल टोपी घालून सुलतानासमोर कवायत करवली. सुलतानाला ती आवडली. काठ नाही, स्वस्त आहे, आणि ती जुन्या फौजेचीही नाही, फिरंग्यांचीही नाही. १८२९ साली मुलकी नोकरदारांनाही ती लागू झाली. पागोटे फक्त उलेमांकडे राहिले.

या फर्मानात लोकरीपेक्षा मोठी गोष्ट दडलेली होती. दरबारातला मुसलमान, आर्मेनियन, ग्रीक आणि ज्यू अधिकारी आता एकच टोपी घालणार होते. डोक्यावरून धर्म ओळखण्याची शेकडो वर्षांची पद्धत सरकारनेच मोडीत काढली. गैरमुस्लिम व्यापाऱ्यांनी ती आनंदाने घातली. कुरकुर मुसलमानांत झाली, विशेषतः कारागिरांत आणि मजुरांत. त्यांनी टोपी घातली, पण भोवती जुने फडके गुंडाळायचे सोडले नाही. महमूदला लोक ‘गावूर पादशाह’, म्हणजे काफिर बादशहा म्हणू लागले. पुढे जिच्यासाठी मुसलमानांनी प्राण दिले, तिच्या जन्माच्या वेळची ही परिस्थिती!

मागणी वाढली तसा इस्तंबूलला गोल्डन हॉर्नच्या काठी सरकारी टोपी कारखाना निघाला, फेसहाने नावाचा. पण यंत्रांच्या शर्यतीत बाजी मारली ऑस्ट्रियाने. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, स्ट्राकोनित्से गावात लाखो लाल टोप्या तयार होऊन कैरो-इस्तंबूलला जाऊ लागल्या. कृत्रिम रंग आल्यावर किड्याचीही गरज संपली. ख्रिश्चन गावातल्या ख्रिश्चन मजुरांनी केलेली टोपी घालून खलिफाची प्रजा जुम्याला जात होती आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. वाटले ते १९०८ साली. ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, इस्तंबूलमध्ये ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार पडला आणि लोकांनी भर रस्त्यात डोक्यावरच्या टोप्या फाडल्या. काही दिवस लोक नमद्याच्या साध्या टोप्या घालून फिरले. ऑस्ट्रियाच्या फौजेतल्या बोस्नियाई पलटणींच्या डोक्यावर मात्र तेव्हाही फेझच होती.

हिंदुस्थानात ही टोपी आली ती दीनदारीची खूण म्हणून नव्हेच. सर सय्यद अहमद खान १८६९-७० मध्ये इंग्लंडला जाऊन आले आणि तुर्की कोट व लाल टोपी वापरू लागले. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते सुधारलेले तुर्क : युरोपशी बरोबरीने बोलणारे आणि तरी मुसलमान राहिलेले. परंपरावादी मंडळींनी त्यांना ‘नेचरी’ ठरवले, कुफ्रचे फतवे काढले. १८७५ साली सुरू झालेल्या अलीगढच्या कॉलेजात पुढे हीच टोपी विद्यार्थ्याची ओळख झाली. दस्तार आणि अंगरखा ही जुन्या मदरशाची खूण, तर तुर्की टोपी म्हणजे इंग्रजी शिकलेला मुसलमान, वकील, मुन्सिफ, हेडमास्तर. भिंतीवरच्या त्या फोटोतली माणसे आपण मॉडर्न आहोत हे सांगायला ती टोपी घालून कॅमेऱ्यासमोर बसली होती. आपण त्यांना नेमके उलटे वाचतो.

निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, रूमी टोपी शहरी शिष्टाचाराचा भाग बनली. ‘रूम’ म्हणजे उस्मानी मुलूख. शेरवानी आणि रूमी टोपी मुसलमानांबरोबर हिंदू नोकरदारही घालत. ती राज्याची टोपी होती. म्हणूनच सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य गेले आणि पाठोपाठ टोपीही दिसेनाशी झाली.

खिलाफतीच्या दिवसांत या टोपीला पहिल्यांदा सरळसरळ राजकीय आणि धार्मिक अर्थ चिकटला. १९१९ नंतर तुर्की टोपी म्हणजे खलिफाशी वफादारी. अली बंधूंनी मात्र लोकरी टोपी घेतली आणि तिच्यावर चंद्रकोरीचा बिल्ला लावला. त्याच काळात गांधीजींनी आपली पांढरी टोपी ठरवली. काकासाहेब कालेलकरांनी नोंदवले आहे की प्रांतोप्रांतीची शिरोभूषणे पाहून गांधीजींना काश्मिरी टोपी सर्वांत सोयीची वाटली आणि तिच्यावरून त्यांनी खादीची टोपी बेतली. म्हणजे गांधी टोपीची आई काश्मिरी आहे. रामपूरचे लोक ती रामपूरची, अली बंधूंच्या आईने, बी अम्मांनी शिवलेली, असे सांगतात. कथा गोड आहे, पण माझे मत कालेलकरांच्या बाजूने.

आता १९२५. खिलाफत ३ मार्च १९२४ रोजी खुद्द तुर्कांनीच बरखास्त केली होती. ऑगस्ट १९२५ मध्ये मुस्तफा कमाल कास्तामोनूच्या दौऱ्यावर पनामा हॅट घालून गेले आणि २५ नोव्हेंबरला कायदा क्रमांक ६७१ मंजूर झाला. हॅट सक्तीची, फेझ बंद. एर्झुरूम, रिझे, मराश, सिवास इथे लोक रस्त्यावर आले. माणसे फासावर गेली. इस्किलिपचे आतिफ होजा यांनी कायद्याच्या आधी, १९२४ साली, फिरंग्यांच्या नकलेवर आणि हॅटवर एक पुस्तिका लिहिली होती. तिच्यावरून अंकाराच्या ‘इस्तिकलाल’ न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि ४ फेब्रुवारी १९२६ रोजी फाशी दिली. लिहिले तेव्हा गुन्हाच नव्हता, अशा लिखाणासाठी!

एका सुलतानाने आधुनिक व्हा म्हणून घालायला लावलेली टोपी, ९६ वर्षांनंतर एका राष्ट्राध्यक्षाने आधुनिक व्हा म्हणूनच काढायला लावली. मधल्या तीन-चार पिढ्यांत ती इस्लामी झाली होती. तिला इस्लामी कोणी केले? कोणत्याही आयतीने नव्हे, हदीसनेही नव्हे. बापाच्या डोक्यावर पाहिली, आजोबांच्या कबरीवर कोरलेली पाहिली, एवढे पुरेसे झाले. कबरस्तानांतल्या पागोट्यांच्या जागी तोवर दगडी फेझ आल्या होत्या. मला आतिफ होजांचे म्हणणे पटत नाही, पण हॅटसाठी फाशी देणाऱ्या सुधारणेचे कौतुकही करवत नाही. आपल्याकडच्या काही पुरोगामी मित्रांना कमालपाशाचे नाव घेताना ही फाशी आठवत नाही.

तुर्कस्तानच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी यावर आपला तोडगा काढला. कायद्यासाठी काठाची सपाट टोपी घेतली आणि नमाजाच्या वेळी काठ मागे वळवला. मराठीत ‘टोपी फिरवणे’ याला बरा अर्थ नाही, पण या बिचाऱ्यांनी ती फिरवली ती इमान राखायला.

इजिप्तमध्ये वारे उलटे वाहत होते. तिथे तरबूश ही स्वाभिमानाची खूण. १९३१ साली अहमद हुसेन आणि त्यांच्या विद्यार्थी साथीदारांनी माणशी एक पियास्तर वर्गणी गोळा करून देशी तरबूशचा कारखाना काढण्याची चळवळ केली, आपल्याकडच्या पैसाफंडाची आठवण व्हावी अशी. पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९३२ला, अंकाराच्या मेजवानीत कमालपाशाने इजिप्तच्या राजदूताला तरबूश उतरवायला लावला आणि दोन मुस्लिम देशांत टोपीवरून राजनैतिक भांडण जुंपले. वीसच वर्षांनी, १९५२च्या क्रांतीनंतर, त्याच इजिप्तने तरबूश बादशाही जमान्याची निशाणी म्हणून टाकून दिला.

हिंदुस्थानात १९३०नंतर तुर्की टोपीची जागा हळूहळू काराकुलीने घेतली. कोवळ्या कोकराच्या कुरळ्या कातड्याची ही टोपी जीनांनी ऑक्टोबर १९३७च्या लखनौ अधिवेशनात घातली आणि ती ‘जिना कॅप’ झाली. मौलाना आझादांच्या डोक्यावरही काराकुलीच होती, जन्मभर. एकच कातडे, पण एकाला त्याचा पाकिस्तान आठवतो आणि दुसऱ्याला त्याची काँग्रेस. आमच्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतले मुसलमान शेतकरी या भानगडीत पडलेच नाहीत. त्यांनी शेजारच्या पाटलासारखी पांढरी टोपी घातली, तीच घालून शेतात गेले आणि तीच घालून नमाजाला उभे राहिले.

आज ‘मुसलमानाची टोपी’ म्हटले की जाळीची, विणलेली, डोक्याला चिकटून बसणारी गोल टोपी डोळ्यांसमोर येते. रमजानात मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर बांगलादेशी, इंडोनेशियन, चिनी असे तिचे प्रकार ढिगाने विकायला असतात. आजोबांच्या फोटोत ती शोधून पाहा. हनफी फिकहात नमाजात डोके झाकणे हा अदब आहे, नमाज दुरुस्त होण्याची ती शर्त नाही. तरीही मशिदीत उघड्या डोक्याच्या पोराकडे रागाने पाहणारे आहेत, आणि मशिदीतून निघून लोकल पकडायच्या आधी टोपी घडी करून खिशात घालणारी पोरेही आहेत. पहिल्यांना वाटते, टोपी नाही तर ईमान कच्चे. दुसऱ्यांना माहीत आहे की डब्यातल्या काही नजरा टोपी पाहून आपले मत पक्के करतील. एका टोपीवर इतके ओझे दोन्ही बाजूंनी टाकलेले आहे.

तुर्कस्तानच्या १९८२च्या राज्यघटनेत १७४वे कलम आहे. हॅटच्या कायद्याला त्याने आजही संरक्षण दिलेले आहे. अल-अझहरचे मौलवी लाल तरबूशभोवती पांढरे कापड गुंडाळूनच फिरतात, महमूदच्या काळातले कारागीर फिरत तसे. आणि इस्तंबूलच्या इस्तिकलाल रस्त्यावर पर्यटकांना हुलकावणी देत, लांब दांड्याने मराशची आइस्क्रीम विकणारी पोरे लाल फेझ घालून उभी असतात. त्यांना पोलीस काही म्हणत नाहीत.