1918 : कोतवाल बुकातला ‘ताप’

आजचा एपिसोड एकाच वर्षावर आहे, 1918.

गुगल केलंत तर या वर्षाची यादी एकदम भारी येते. मार्चमध्ये रशिया तह करून महायुद्धातून बाहेर पडला. जुलैमध्ये झार निकोलसला कुटुंबासकट गोळ्या घातल्या. नोव्हेंबरमध्ये जर्मनीचा कैसर हॉलंडला पळाला आणि 11 तारखेला युद्ध थांबलं. एमपीएससीवाल्यांना हे सगळं पाठ असेल. मी मात्र या वर्षापर्यंत पोचलो ते चुलत भावाच्या जात पडताळणीमुळे.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात. जुना पुरावा हवा म्हणून आम्ही कोतवाल बुकाच्या नकला काढल्या. कोतवाल बुक म्हणजे गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. सगळं मोडीत, म्हणून मोडी वाचणाऱ्या एका काकांना बसवलं. ते वाचत गेले आणि 1918 च्या ऑक्टोबरवर थांबले. मरणाचं कारण या रकान्यात ओळीने एकच शब्द होता. ताप. खाली ताप. त्याच्या खाली परत ताप. मी ऑफिसात दिवसभर सर्व्हरचे लॉग बघतो. एकच एरर अशी सलग दिसली की समजायचं, मोठं काहीतरी कोसळलंय.

हा ताप म्हणजे इन्फ्लुएन्झा, ज्याला जग ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणतं. तो स्पेनमधून आला नव्हता. युद्धात उतरलेल्या देशांनी आपापल्या पेपरांवर सेन्सॉर बसवला होता, स्पेन तटस्थ होता, म्हणून बातम्या तिथल्या छापून आल्या आणि नाव त्याला चिकटलं.

आपल्याकडे तो मुंबई बंदरातून आला. जून 1918 मध्ये गोदीवर ड्यूटी करणारे पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात भरती झाले. पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली आणि तिने माणसं मारली. 6 ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. जीआयपी रेल्वे कल्याणला फुटते. एक फाटा कर्जतकडे, दुसरा वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा करत घाट चढून इगतपुरीला. म्हणजे शहापूर तालुका थेट लाइनवर. आणि मुरबाड? मुरबाडला तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही. (निवडणूक आली की येते.) मग मुरबाड वाचायला हवं होतं ना? मलाही तसंच वाटायचं. पण आमच्याकडचा माणूस बाजाराला कल्याणलाच जायचा, आणि साथ लागली की मुंबईतला कामगार गावाकडे पळतो. हे आपण 2020 मध्ये कसारा घाटात डोळ्यांनी बघितलंय.

त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. युद्धामुळे धान्य आधीच महाग. बरेच डॉक्टर आघाडीवर गेलेले. औषध तर नव्हतंच, आजार व्हायरसचा आहे हेसुद्धा कळलेलं नव्हतं. माणसातला हा व्हायरस सापडला 1933 मध्ये. या साथीत म्हातारी माणसं कमी आणि वीस ते चाळीस वयातली जास्त गेली. भारतात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं त्यांनी, पाणी आणायचं त्यांनी, आणि उरलं तर जेवायचंही त्यांनीच.

मुंबईत दलित वस्त्यांमध्ये हजारी 61 माणसं गेली, युरोपियनांमध्ये जेमतेम 8. आपल्या शहापूरच्या तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जात होतं. कुणाच्या नळाला जात होतं, ते या दोन आकड्यांवरून ओळखा.

एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड इथेच मारून टाकतो. गांधीजींना त्या वर्षी स्पॅनिश फ्लू झाला होता, असं फिरतं. ते 1918 मध्ये खूप आजारी होते हे खरं, पण त्यांनी स्वतःच लिहिलंय की ती आमांशाची दुखणी होती.

भारतात एकूण किती गेले? अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत जातात. महायुद्धात आपले साधारण 74 हजार सैनिक गेले, त्यांच्यासाठी दिल्लीत इंडिया गेट उभं राहिलं. फ्लूचा हिशेब जनगणनेत सापडतो. 1911 ते 1921 मध्ये देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. विसाव्या शतकातलं असं हे एकच दशक.

आणि आमच्या कोतवाल बुकात सापडतो. एकाच घरातल्या तीन नोंदी, आठ दिवसांत. तिसरी माझ्या पणजोबांच्या आईची. पणजोबा तेव्हा तीन वर्षांचे. ते शहापूरकडे मामाच्या घरी वाढले एवढं आम्हाला माहीत होतं, का वाढले हे आजोबांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही माहीत नसावं.

त्या नोंदीत नाव नाही, फक्त ‘अमक्याची बायको’. पुढे जात लिहिलीय, कुणबी. भावाच्या फाइलला शेवटी तेच पान जोडलं.